बस स्टँडवरची अंगारकी

“समोर बसून वाचजो चारू. मधात भित नको, दार नको, आन् उद्धव तं बिलकूलच नको.”

चातुर्मास लागला त्या दिवशी अकोल्याच्या जुन्या शहरातल्या आपल्या घरी आशाबाईंनी हे बजावलं, आणि चारुशीलाबाईंनी तळहातावर पाणी घेऊन ते ऐकलं. पाणी ताम्हनात सोडलं की संकल्प झाला. मग त्यातला शब्द इकडचा तिकडे होत नाही. रोज दुपारी पोथीचा एक अध्याय आशाबाईंना वाचून दाखवायचा. वाचन होईपर्यंत आशाबाई अन्नाला शिवणार नाहीत. आणि सकाळच्या स्नानापासून वाचनापर्यंत चारुशीलाबाईंचं मौन. त्या मौनालाही आशाबाईंनी कुंपण घालून ठेवलं होतं. “तोंडानं नाही आन् कागदानंही नाही. लोकं मौन धरतात आन् पाटीवर लिहून भांडतात. तसलं आपल्यात चालत नाही.”

आशाबाई म्हणजे चारुशीलाबाईंच्या थोरल्या नणंद. वयानं ऐंशीच्या घरात, आवाजानं विशीत. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून पोथीतली अक्षरं त्यांना मुंग्यांसारखी चालताना दिसत, म्हणून ही व्यवस्था. पहिला आठवडा चारुशीलाबाई तिथंच राहिल्या आणि सगळं शास्त्राप्रमाणे झालं. पण इकडे अमरावतीत त्यांचे यजमान उद्धवराव स्वतःच्या हातचा वरणभात खात होते. तो सलग काही दिवस खाल्ल्यावर त्यांना विज्ञानाची आठवण झाली.

उद्धवराव भूगोलाचे निवृत्त शिक्षक. मुलगा सोहम याने आईला एक टॅब्लेट पाठवला होता आणि तो देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात आरतीच्या पुस्तकाखाली विसावला होता. उद्धवरावांनी तो बाहेर काढला. अकोल्यात आशाबाईंचा मुलगा शेखर याने आईसमोर तसाच एक टॅब्लेट स्टँडवर बसवून दिला. त्यात त्याने अशी सोय केली, की चारुमामीचा व्हिडिओ कॉल आला तर तो आपोआप उचलला जाईल आणि दुसऱ्या कुणाचा आला तर वाजणारसुद्धा नाही. याला कारण होतं. मध्यंतरी आशाबाईंना एका खोट्या पोलिसाचा फोन आला होता. आशाबाईंनी त्याच्या आईची, शिक्षणाची आणि लग्नाची इतकी विचारपूस केली, की शेवटी त्यानेच फोन ठेवून सुटका करून घेतली. पण घाबरला मात्र शेखर.

उरला प्रश्न धर्माचा. पडद्यावर दिसणं म्हणजे समोर बसणं होतं का? शेजारचे गोवर्धनशास्त्री डोळे मिटून बराच वेळ विचार करत राहिले. मग म्हणाले, “समोर म्हणजे दृष्टीसमोर. मध्ये काच असली म्हणून काय झालं? चष्म्यालाही काच असतेच.” उद्धवरावांनी विजयी मुद्रेनं पत्नीकडे पाहिलं. चारुशीलाबाईंना ते पटलं. म्हणजे दिवसा पटायचं. संध्याकाळी समई मालवताना तेवढं पटत नसे.

तरी चालून गेलं. मग श्रावणातला तो गुरुवार उगवला.

आदल्या दिवशी वाचन संपल्यावर आशाबाईंनी एक काम सांगून ठेवलं होतं. “पुढच्या साली अंगारकी कवा येते, पाहून ठेवजो वं.” संकष्टी मंगळवारी आली की ती अंगारकी, अशी काही दर महिन्याला येत नाही. नवं पंचांग बाजारात यायला अवकाश होता, आणि टॅब्लेटमधलं पंचांग फक्त ‘आज’चं दाखवी. पण चारुशीलाबाईंनी यावर एक युक्ती शोधून काढली होती आणि मनातल्या मनात त्यांना तिचा अभिमान होता. (अभिमान सोडायचं व्रत त्यांनी पुढच्या चातुर्मासासाठी राखून ठेवलेलं.) पंचांग आजचंच दाखवतं ना? मग ‘आज’च पुढे न्यायचा. सकाळी स्नान झाल्यावर त्यांनी टॅब्लेटची तारीख सरकवत सरकवत पुढच्या वर्षात नेली, महिन्यामागून महिना उलटला, आणि एका मंगळवारी अंगारकी सापडली. त्या हरखल्या. नेमकं तेव्हाच दूध उतू गेलं.

उतू जाणाऱ्या दुधापुढे काळ, काम आणि वेग यांचं काही चालत नाही. चारुशीलाबाई धावल्या. टॅब्लेट पुढच्या वर्षात तसाच राहिला. दूध पुसून होतंय तोच गल्लीत धडाड आवाज झाला. सिमेंटच्या रस्त्यासाठी खोदणाऱ्या पिवळ्या यंत्रानं इंटरनेटची तार दाताखाली घेतली होती. त्या धक्क्यात चारुशीलाबाई तारखेचं पार विसरून गेल्या, आणि उद्धवराव विसरण्याचा प्रश्नच नव्हता, कारण त्यांना ती गोष्ट कुणी सांगितलीच नव्हती. मौन!

“काही घाबरू नकोस,” उद्धवराव टॅब्लेट काखेत मारत म्हणाले. “वायफाय ही हवेसारखी सार्वजनिक गोष्ट आहे. जिथं आहे तिथं आपण जायचं.”

वरच्या मजल्यावरच्या संध्याताईंनी आधी आपल्या मोबाईलचं नेट जोडून दिलं. टॅब्लेट म्हणाला, ‘जोडले आहे,’ आणि पुढे काहीच करेना. “अहो, मग सरळ माझ्याच फोनवरून वहिनींच्या नावानं कॉल लावा की,” संध्याताई म्हणाल्या. तेही सुचलं होतं. पण त्याला पासवर्ड लागतो, पासवर्ड सोहमला ठाऊक, आणि सोहम त्या दिवशी विमानात. गोवर्धनशास्त्र्यांनी टॅब्लेट पूर्वेला तोंड करून धरायला सुचवलं. धरला. मग बंद करून चालू केला, शिवाय पुसून, फुंकर मारून, कव्हर काढून पाहिला. महानगरपालिकेच्या बागेत मोफत वायफाय होतं, तिथंही जाऊन आले. तिथं पडद्यावर एक पांढरं स्वच्छ पान उघडलं आणि श्रावणातल्या आभाळासारखं नुसतंच समोर राहिलं.

दरम्यान चारुशीलाबाईंनी टॅब्लेटकडे हात केला, तर उद्धवराव म्हणाले, “थांब. अशा वेळी एकाच माणसाचं बोट असावं.”

असे ते दोघं दुपारी बस स्टँडवर आले. तिथं कुठल्याशा योजनेतून मोफत वायफाय असल्याचा मोठा फलक होता. फलकाखाली बाक होता. उद्धवराव बाकावर बसले. शेजारी चारुशीलाबाई, मांडीवर सोवळ्याच्या कापडात गुंडाळलेली पोथी. आणि बाकासमोर बरोब्बर दहा पावलांवर एक लाल गाडी उभी, तिच्या कपाळावर पाटी : अकोला.

“अकोला, अकोला, अकोला!” दारात उभा राहून कंडक्टर ओरडत होता. त्याच्या छातीवर प्रीतम असं नाव होतं. “चला काकाजी, जागा हाय. बसा.”

“आम्हाला जायचं नाही,” उद्धवराव म्हणाले. “आम्ही वायफायसाठी आलोय.”

“बरं बरं. कुठं लावून राहिले?”

“अकोल्याला.”

प्रीतमनं गाडीच्या पाटीकडे पाहिलं. टॅब्लेटकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी येऊन गेलं, पण वयाचा मान ठेवून त्यानं ते गिळलं.

चारुशीलाबाईंनी हळूच उद्धवरावांची बाही ओढली आणि ‘अकोला’ या पाटीकडे बोट दाखवलं.

“हो गं हो,” उद्धवराव म्हणाले, “अकोलाच लावतोय.” मग जरा समजुतीच्या सुरात, “बसनं अडीच तास लागतात, चारू. यानं अडीच सेकंद.”

“मंग मी निघतो,” प्रीतम म्हणाला. “तुमी आधी पोचले तं सांगजा.” त्यानं घंटी ओढली, आणि अकोल्याची गाडी चारुशीलाबाईंच्या डोळ्यांसमोरून निघून गेली.

उद्धवरावांच्या खिशातला बटणांचा फोन वाजला. आशाबाईंचा आवाज ऐकायला फोन कानाला लावावा लागत नसे.

“उद्धव! काहून रे, चारू कुठं अडकली?”

“पाच मिनिटं, ताई. तांत्रिक अडचण आहे.”

“अडचण तुहीच असन. मी चहा घेऊन राहिलो. चहा चालते. चहा म्हंजे अन्न नव्हे.”

उद्धवराव नव्या जोमानं कामाला लागले. आणि काय आश्चर्य, या वेळी पांढऱ्या पानावर अक्षरं उमटली. त्यांनी ती मोठ्यानं वाचली. “तुमचे घड्याळ पुढे आहे.”

चारुशीलाबाईंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. दूध! तारीख! पुढचं वर्ष! त्यांनी दोन्ही हात टॅब्लेटकडे नेले.

“थांब, थांब! मिळालं कारण,” उद्धवराव म्हणाले. त्यांनी टॅब्लेटवरची वेळ पाहिली. मग लग्नात सासऱ्यांनी दिलेलं मनगटी घड्याळ पाहिलं. मिनिटाला मिनिट बरोबर. “आपलं घड्याळ पुढे नाही. एक मिनिटही नाही. मग हे असं का म्हणतंय?” त्यांनी मान वर केली. समोर भिंतीवर स्टँडचं मोठं घड्याळ होतं, आणि ते चांगलं दहा मिनिटं मागे होतं.

शिक्षकाला आयुष्यात असे क्षण फार थोडे मिळतात. “चारू,” ते हलक्या आवाजात म्हणाले, “वायफाय कुणाचं? स्टँडचं. म्हणजे ते चालणार कुठल्या घड्याळावर? स्टँडच्या. स्टँड मागे, म्हणून आपण पुढे. दोष आपला नाहीच!”

चारुशीलाबाईंनी जोरजोरात मान हलवली. त्यांनी हवेत पान उलटल्याची खूण केली, एक पान, दुसरं पान, पुष्कळ पानं. “पोथी वाचायची घाई झालीय, कळतंय मला,” उद्धवराव मायेनं म्हणाले आणि टॅब्लेट काखेत मारूनच चौकशीच्या खिडकीकडे गेले.

देवाची क्षमा मागून सांगायचं तर, त्या क्षणी चारुशीलाबाईंच्या मनात संकल्पाच्या बाहेरचा एक शब्द येऊन गेला. पण ओठ मिटलेले होते, म्हणून तो मोजायचा नाही.

चौकशीच्या खिडकीत माया मॅडम होत्या. परतवाडा, अकोट, यवतमाळ यांच्या वेळा त्यांना तोंडपाठ होत्या, आणि एका कानानं प्रश्न ऐकता ऐकता त्या माईकवर घोषणाही करू शकत.

“मॅडम, तुमचं घड्याळ दहा मिनिटं पुढे करता का? आमचं वायफाय अडलंय.”

माया मॅडमनं चष्मा खाली घेतला. “परत सांगता का सर?”

उद्धवरावांनी परत सांगितलं, आकृती काढून सांगितलं.

“सर, माझ्याकडे गाड्यांच्या वेळा आहेत. घड्याळ दुसऱ्या विभागाकडे आहे. वायफाय आणखीनच दुसऱ्यांकडे. तुम्ही अर्ज द्या. सोबत घड्याळ मागे असल्याचा पुरावा जोडा.”

“पुरावा हा काय! लग्नात सासऱ्यांनी दिलंय.” उद्धवरावांनी मनगट पुढे केलं.

“हे तुमच्या सासऱ्यांचं घड्याळ झालं, सर.”

उद्धवरावांचा स्वाभिमान दुखावला. तीस-पस्तीस वर्षं ज्यांनी मुलांना अक्षांश-रेखांश शिकवले होते, सूर्य कुठं कधी उगवतो हे ज्यांना विचारून ठरत असे, त्यांना पुरावा मागितला होता. ते बाकाशी परतले, शेजारचा रिकामा बाक भिंतीपर्यंत ओढला, टॅब्लेट काखेत तसाच ठेवून, चपला काढून त्यावर चढले आणि छत्रीच्या टोकानं स्टँडच्या घड्याळाचा मोठा काटा दहा मिनिटं पुढे ढकलला.

टॅब्लेटवर याचा काडीचा परिणाम झाला नाही. परिणाम झाला तो परतवाड्याच्या गाडीवर. तिचा ड्रायव्हर टपरीवर चहा घेत होता. त्यानं सहज वर पाहिलं, “अरे बाप रे!” म्हणाला, उरलेला चहा ओतून दिला, आणि गाडी घेऊन निघालासुद्धा. शेव विकत घ्यायला गेलेल्या दोन बाया तिच्यामागे हात करत धावल्या आणि धापा टाकत चारुशीलाबाईंच्या बाकावर येऊन बसल्या. एक प्रणाली, परतवाड्याच्या शाळेतली तरुण बाई. दुसरी वलगावची चतुराबाई, डोक्यावरून पदर आणि मांडीवर भलं मोठं बोचकं.

“टाइमाच्या आधी कशी गेली गाडी?” प्रणाली तणतणली. “आजवर लेट पाहिली, आधी गेलेली पाहिली नाही! आता पुढची थेट संध्याकाळी!”

“जमाना पुढं गेला, माय,” चतुराबाई म्हणाली. “गाडीही जाईन.”

उद्धवराव छत्री मागे लपवून दुसरीकडे पाहू लागले. तेवढ्यात माया मॅडम स्वतः बाहेर आल्या. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, भिंतीपाशी गेलेल्या बाकाकडे पाहिलं, बाकावरच्या अनवाणी पायांच्या ठशांकडे पाहिलं. “सर,” त्या अतिशय शांतपणे म्हणाल्या, “शाळेत होते का तुम्ही?” उद्धवरावांनी मान डोलवली. “वाटलंच. आता जागेवर बसा.” आणि उद्धवराव बसले. शिक्षक झाल्यापासून त्यांना कुणी जागेवर बसवल्याचा हा पहिलाच प्रसंग.

फोन वाजला. “उद्धव, घरातलं दूध संपलं. आता कोरा चहा घेऊन राहिलो. शेखर अंजनगावाले गेला, सून बँकीत. मी खुर्चीवर बसूनच हाओ, न जानो तिचा चेहरा कवा येईन.”

“ताई, तू दोन घास खाऊन घे. देव काही म्हणणार नाही.”

“देवाले म्या इचारलंच नाही. म्या चारूले शब्द देला.”

चारुशीलाबाईंनी हे ऐकलं आणि पोथीवरची बोटं घट्ट केली. दुपार कलली. नांदुऱ्याची गाडी गेली, दर्यापूरची गेली. अकोल्याच्या तर किती गेल्या! प्रत्येक वेळी कंडक्टर ओरडायचा, प्रत्येक वेळी चारुशीलाबाई पाटीकडे पाहायच्या, आणि प्रत्येक वेळी उद्धवराव म्हणायचे, “झालंच, आता लागलंच.” चारुशीलाबाईंनी दोनदा टॅब्लेटकडे पुन्हा हात केला. दुसऱ्यांदा उद्धवरावांनी त्या हातात पाण्याची बाटली ठेवली.

प्रणालीनं गाडी गेल्याच्या दुःखावर उतारा म्हणून आलुबोंडा आणला होता. तिनं अर्धा खाल्ला असेल नसेल, तोच उद्धवरावांच्या हातातून देवळातल्यासारखी घंटा वाजली, शंख झाला, आणि टॅब्लेटमधल्या पंचांगातली बाई गोड आवाजात म्हणाली, “आज अंगारकी संकष्ट चतुर्थी. चंद्रोदय रात्री नऊ वाजता. गणपती बाप्पा मोरया.”

बाकावरच्या माना टॅब्लेटकडे वळल्या.

“अंगारकी?” प्रणालीचा घास तोंडातच थांबला. “आज? आणि मी आलुबोंडा? कांद्याचा?”

“गुरुवारी कशी असन अंगारकी?” मागून एक जण म्हणाला.

“अधिकामुळे होते कधीकधी,” दुसऱ्यानं ठामपणे सांगितलं. आपल्याकडे अशा वेळी असा एक दुसरा नेहमीच असतो.

“टॅबमधी आलं तं खरंच असन. त्यात चुकीचं नसते.”

बातमी अर्ध्या स्टँडभर झाली. यवतमाळच्या फलाटावरच्या एका काकूंनी चिवडा पुडीत परत बांधला. कुणी घरी फोन लावला, “अगं, वरणाला फोडणी टाकू नको, आज अंगारकी निघाली!” उपाहारगृहवाला मोठा तत्पर; त्यानं भज्यांची परात आत नेली आणि क्षणात ओरडू लागला, “साबुदाणा वडा गरमागरम!” प्रणालीनं उरलेल्या आलुबोंड्याकडे पाप पाहावं तसं पाहिलं.

“आमच्यात कोणतीच चतुर्थी नसते, माय,” चतुराबाई म्हणाली. “आण इकडं. अन्न टाकू नाही.” आणि तिनं तो हातोहात संपवला.

चारुशीलाबाईंना मात्र दरदरून घाम फुटला. सकाळच्या त्यांच्या एका बोटामुळे भर श्रावणातल्या दशमीला अर्ध्या अमरावतीला खोटी अंगारकी घडत होती! उद्या एकादशी, म्हणजे या माणसांना लागोपाठ दोन उपास. आणि तिकडे अकोल्यात एक बाई खराखुरा उपास करत बसलेली. त्या ताडकन उठल्या. बोलता येत नव्हतं, लिहिता येत नव्हतं. पण खूण? खुणेला आशाबाईंनी कुंपण घातलं नव्हतं. दुपारपासून आभाळ उघडलं होतं. चारुशीलाबाईंनी हात उंच केला आणि स्टँडच्या पत्र्याच्या कडेवर, ऊन अजून असताना, पांढुरका, अर्ध्याहून मोठा दिसणारा चंद्र होता, त्याच्याकडे बोट दाखवलं.

अंगारकीचा चंद्र रात्री नऊला उगवणार होता. आणि हा तर केव्हाचा येऊन बसला होता.

उद्धवरावांनी वर पाहिलं. त्यांचा चेहरा उजळला. “विमान! सोहमचं विमान!”

“कुठं? कुठं हाय?” सगळ्यांनी माना वर केल्या. उद्धवराव दोन्ही हातांनी डोळ्यांवर सावली धरून आभाळ धुंडाळू लागले, आणि दोन्ही हात वर गेल्यामुळे टॅब्लेट बाकावर आला.

चारुशीलाबाई क्षणभर थांबल्या. मग त्यांनी तो अलगद उचलला. ज्या वाटेनं सकाळी तारीख पुढे गेली होती, त्याच वाटेनं ती मागे आणली, महिन्यामागून महिना, थेट आजच्या गुरुवारापर्यंत. पांढरं पान थरथरलं, सरकलं, आणि त्याजागी रंगीत पान उघडलं : ‘आपला मोबाईल क्रमांक टाका.’

“अहो सर, विमान कुठलं? त्या चंद्र दाखवतायत!” प्रणाली ओरडली. “चंद्र आत्ताच वर आलाय. मग रात्री नऊला कसा उगवेल?”

उद्धवरावांनी डोळ्यांवरचे हात खाली घेतले. भूगोल त्यांच्या अंगात हळूहळू परत आला. त्यांनी चंद्र पाहिला, चारुशीलाबाईंना पाहिलं, टॅब्लेटवरची सुधारलेली तारीख पाहिली, आणि सगळं त्यांच्या ध्यानात आलं. दुसरा कुणी असता तर ओशाळला असता.

“मी सकाळपासून काय सांगतोय?” ते जमलेल्या लोकांना म्हणाले. “घड्याळाचा प्रश्न आहे!”

साबुदाणा वडा परत आत गेला. उद्धवरावांच्या बटणांच्या फोनवर आकडे आले, ते टाकले, आणि टॅब्लेट म्हणाला, ‘आपण जोडले गेला आहात.’ कॉल लागला. पलीकडे तो आपोआप उचलला गेला, आणि पडद्यावर आशाबाई आल्या. खुर्चीत ताठ बसलेल्या, हातात रिकामा कप. दिवसभराच्या उपासानं चेहरा उतरला होता, पण चारुशीला दिसताच त्यांनी कप बाजूला ठेवला आणि पदर सारखा केला. बाकाभोवती जमलेल्यांनी टाळ्या वाजवल्या. चतुराबाईनंही बोचकं बाजूला ठेवून वाजवल्या.

चारुशीलाबाईंनी पोथीचं कापड सोडलं. खूण काढली. अध्यायावर हात ठेवला.

“ताई!” उद्धवराव मध्ये वाकले. “आधी ऐक, काय झालं ते. वायफायचं असं असतं, की त्याला तारीख लागते—”

“उद्धव, बाजूले सर. चारू दिसू दे.”

“सरतो, सरतो. पण हे समजून घे. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, बरोबर? आणि चंद्र—”

“उद्धव!”

“—म्हणून दशमीचा चंद्र दुपारीच उगवतो. मी त्यावरूनच ताडलं. या मॅडमही होत्या इथं, विचार हवं तर. आणि या वलगावच्या—”

चतुराबाईनं पडद्यात डोकावून नमस्कार केला. प्रणालीनं केला. अधिकाचं कारण सांगणाऱ्या माणसानंही केला. उद्धवरावांनी पृथ्वीच्या आसाचा कल समजावून दिला, त्यासाठी पाण्याची बाटली तिरपी धरून दाखवली, आणि शेवटी समाधानानं मागे होत म्हणाले, “हं. आता वाच, चारू.”

चारुशीलाबाईंनी श्वास घेतला. दिवसभर मिटलेले ओठ उघडले.

पडद्यावरच्या आशाबाई नाहीशा झाल्या. त्यांच्या जागी रंगीत अक्षरं आली : ‘आपली आजची मोफत मर्यादा संपली आहे. उद्या पुन्हा अवश्य भेट द्या.’

उद्धवरावांच्या हातातली बाटली अजून तिरपी होती.

“अकोला, अकोला, अकोला!”

प्रीतमची गाडी अकोल्याला जाऊन, परत येऊन, पुन्हा त्याच जागी उभी होती. तो खाली उतरला आणि बाकाकडे पाहून थबकला. “काकाजी! मी अकोल्याले जाऊन आलो. तुमचं अजून लागलंच नाही?”

चारुशीलाबाईंनी उघडलेले ओठ पुन्हा मिटले. त्यांनी खूण अध्यायात ठेवली, पोथी कापडात गुंडाळली. टॅब्लेट उद्धवरावांच्या हातात नीट धरवून दिला, खाली पडलेली छत्री उचलून त्यांच्या दुसऱ्या हातात दिली. लग्न झाल्यापासून त्या एकट्या कुठल्याच गाडीत चढल्या नव्हत्या. त्या उठल्या, ती दहा पावलं चालल्या आणि चढल्या.

“कुठं, काकू?” प्रीतमनं सवयीनं विचारलं. त्यांनी फक्त त्याच्याकडे पाहिलं. “राहू द्या,” तो म्हणाला आणि तिकीट फाडलं. “मले दुपारपासून ठाऊक हाय.”

फोन वाजला. उद्धवराव खिडकीखाली धावले. “ताई... नाही, अडकली नाही. निघाली.”

“कशानं?”

“बसनं.”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग आशाबाई म्हणाल्या, “मंग मी कणीक भिजवून ठेवतो. दोघींची. खाईन वाचन झाल्यावर. आन् तिले सांग, साखर घेऊन येजो म्हणा. चहात संपली सारी.”

“ताई, मी पण येऊ का?”

“तू तिथंच राह्य,” आशाबाई म्हणाल्या. “मधात येऊ नको.”

प्रीतमचा हात घंटीच्या दोरीकडे गेला होता. उद्धवरावांनी त्याला एक बोट दाखवलं, छत्री सांभाळत उपाहारगृहाकडे पळाले, आणि साखरेची पुडी घेऊन परत पळत आले. ती त्यांनी खिडकीतून आत सरकवली. काहीतरी समजावून सांगायला तोंड उघडलं, आणि तसंच मिटलं.

चारुशीलाबाईंनी मान हलवली. पुडी पिशवीत ठेवली, पोथी मांडीवर घेतली. गाडी स्टँडच्या दारातून बडनेऱ्याच्या रस्त्याला वळली. पत्र्याच्या कडेवरचा दशमीचा चंद्रही वळून त्यांच्या खिडकीत आला. चारुशीलाबाई अकोल्याकडे तोंड करून सरळ बसल्या, ओठ मिटून.